ज्युलियनला जायचं ते सफरचंदांसाठी की पायसाठी?

प्रश्न थोडक्यात असा: सॅन डिएगोच्या रँचो बर्नार्डो भागात राहणाऱ्या एका कुटुंबाकडे पुण्याहून आई-बाबा आले आहेत. ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी त्यांना ॲपल पायसाठी (मैद्याच्या आवरणात सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) प्रसिद्ध असलेल्या ज्युलियन या डोंगरातल्या गावी न्यायचं आहे. बाबा शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. आईंना चढ-उतार झेपत नाहीत. झाडावरून सफरचंदं तोडायला मिळतील का, पाय कुठला घ्यावा, घरी कसा आणावा आणि पुण्याला परत गेल्यावर तसाच करता येईल का?

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका: तुम्हाला सफरचंदांच्या बागा बघायच्या आहेत की पाय खायचा आहे? या दोन गोष्टींचं वेळापत्रक एक नाही. पाय वर्षाचे बारा महिने मिळतो आणि चवीत फारसा फरक नसतो. झाडावर सफरचंदं मात्र साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दीड महिना असतात. या दीड महिन्यातल्या शनिवार-रविवारी निम्मं दक्षिण कॅलिफोर्निया त्या एका रस्त्यावर येतं. म्हणजे बागेसाठी जो सर्वांत चांगला काळ, तोच पायसाठी सर्वांत वाईट. शनिवारी दुपारी बाराला पोहोचलात तर गाडी लावायला अर्धा तास, पायच्या रांगेत तासभर, आणि मिळणारा तुकडा इतका गरम की सारण बशीत वाहत असतं. आई-बाबांना बागेचं अप्रूप नसेल तर मंगळवार-बुधवारी, नाहीतर सरळ जानेवारी-फेब्रुवारीत जा. बाग हवीच असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला दिवस बघा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बागेच्या भरवशावर ठरवू नका, तोपर्यंत बऱ्याच बागा रिकाम्या झालेल्या असतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे नंतर हिरमोड नको. गावात विकल्या जाणाऱ्या पायमधलं बहुतेक सफरचंद ज्युलियनचं नसतं. इथल्या बागा लहान आहेत. वसंतात उशिरा पडणाऱ्या, गोठलेल्या दवानं मोहोर जळतो, आणि अशा वर्षी पीक फारच थोडं येतं. गावातल्या बेकऱ्यांना वर्षभर लागणारा माल त्यातून निघणं शक्यच नाही, म्हणून तो बाहेरून, मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातून येतो. यात फसवणूक काही नाही, कारण पाय खरोखरच गावात आणि आसपास भाजला जातो. पण 'स्थानिक सफरचंदाचा पाय' हवा असेल तर तसं स्पष्ट विचारा, आणि हंगामातच विचारा.

गावाचा पत्ता सोन्यानं लावला, सफरचंदानं नव्हे. १८६९-७०च्या हिवाळ्यात फ्रेड कोलमन या पूर्वी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय माणसाला इथल्या ओढ्यात सोन्याचे कण दिसले. पाठोपाठ खाणी आल्या. ड्रू बेलीनं वसवलेल्या वस्तीला त्याच्या चुलतभावाचं, माइक ज्युलियनचं नाव मिळालं. सोन्याची धामधूम दहाएक वर्षांत ओसरली. दरम्यान १८७०च्या दशकात जेम्स मॅडिसन (राष्ट्राध्यक्ष नव्हेत, त्यांच्या नावाचे दुसरे) यांनी सफरचंदाची रोपं आणली होती. सुमारे ४,२०० फूट उंची, थंड हिवाळा आणि निचऱ्याची जमीन असल्यामुळे ती रुजली. १९०९ साली पहिला 'ॲपल डे' साजरा झाला. मेन स्ट्रीटवर १८९७ साली बांधलेलं हॉटेल आजही चालू आहे. ते अल्बर्ट आणि मार्गारेट रॉबिन्सन या कृष्णवर्णीय दांपत्यानं उभं केलं, आणि अल्बर्टही गुलामीतून मुक्त झालेले होते. पर्यटकांनी पायसाठी रांगा लावायचा प्रकार मात्र त्या मानानं अलीकडचा. आज ज्या दोन बेकऱ्यांची नावं सगळे घेतात, त्यांतली मॉम्स पाय हाउस १९८४ सालची आणि ज्युलियन पाय कंपनी १९८६ सालची. मेन स्ट्रीटवरच्या लाकडी पाट्या आणि जुन्या विटांच्या भिंती बघून वाटतं की हे सगळं दीडशे वर्षं असंच चालू असेल. घरं खरोखर जुनी आहेत, पायचा धंदा मात्र चाळिशीतला आहे.

आता रस्ता. तुमच्याकडून पोवेमार्गे ६७ नंबरच्या महामार्गावर, तिथून रमोना आणि पुढे ७८वर सांता इसाबेलमार्गे ज्युलियन हा सरळ मार्ग आहे, साधारण सव्वा तासाचा. दुसरा मार्ग आठ नंबरच्या आंतरराज्य महामार्गानं पूर्वेला जाऊन डेस्कान्सोजवळ ७९ धरायचा आणि क्वियामाकाच्या जंगलातून उत्तरेला ज्युलियनला यायचं. हा जास्त सुंदर, पण वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांना तो नकोसा होतो. आईंना किंवा बाबांना खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात मळमळत असेल तर जाताना ७८च घ्या, त्यांना पुढच्या सीटवर बसवा, आणि निघण्यापूर्वी पोट तुडुंब भरू नका. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना अडीच ते तीन तास लागतात. त्यांनी टेमेक्युलापर्यंत १५वरून येऊन पुढे ७९ धरला तर सॅन डिएगोची गर्दी टळते.

दोन्ही रस्ते जोडून एक वेढा पूर्ण करता येतो आणि करावाच. कुठल्या दिशेनं, ते वारावर अवलंबून आहे. आडवारी असाल तर सकाळी ७९वरून या. वाटेत क्वियामाका तलावाशी थांबा, अकरापर्यंत गावात पोहोचा, जेवा, फिरा आणि तीनच्या सुमारास ७८वरून परतताना सांता इसाबेलला पाय विकत घ्या. म्हणजे पाय गाडीत तासभरच राहतो आणि गावात फिरताना हातात खोका नसतो. शनिवार-रविवारी हेच उलटं करा: साडेसातला घर सोडा, ७८वरून नऊच्या आत गावात या, पाय आणि मेन स्ट्रीट आधी उरका, आणि बाराला जेव्हा ७८वर ज्युलियनच्या दिशेनं गाड्यांची माळ लागलेली असते तेव्हा तुम्ही ७९वरून तलावाकडे निघालेले असाल. नऊच्या आत म्हणजे खरंच नऊच्या आत. दहानंतरचा प्रत्येक अर्धा तास गर्दी वाढवतो. बेकऱ्या उघडण्याची वेळ वारानुसार आणि ऋतूनुसार बदलते, ती आदल्या दिवशी बघून ठेवा. संध्याकाळी बहुतेक दुकानं पाचच्या आसपास मिटतात, त्यामुळे 'सूर्यास्त बघून मग पाय' हा बेत जमत नाही.

पेट्रोल रमोनालाच भरून घ्या. क्वियामाकाच्या जंगलात फोनची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. ऑक्टोबरात दिवसा हवा सुखद असते, पण ऊन कललं की पारा झपाट्यानं उतरतो. पुण्याहून आलेल्यांना स्वेटर लागतोच, सॅन डिएगोचं हवामान बघून कपडे घालू नका. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद-दोनदा बर्फ पडतो आणि तो बघायला इतकी झुंबड उडते की रस्ता ठप्प होतो. अशा वेळी टायरला साखळ्या बांधण्याची सक्ती होऊ शकते. साखळ्या गाडीत नसतील तर बर्फ पडल्यानंतरचे दोन दिवस टाळा. शरद ऋतूत वेगळीच अडचण येते: वाळवंटाकडून कोरडे वारे सुटले की वणव्याच्या भीतीनं डोंगराळ भागातली वीज मुद्दाम बंद ठेवली जाते. वीज नाही म्हणजे भट्टी नाही, पेट्रोल पंप नाही, कार्डाचं मशीन नाही. म्हणून निघण्याआधी वाऱ्याचा इशारा आहे का ते बघा आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. ही भीती उगाच नाही. ऑक्टोबर २००३च्या सीडर वणव्यात क्वियामाकाचं जवळपास सगळं राखीव जंगल जळालं. ७९वरून जाताना झाडं ठेंगणी, एका वयाची आणि मध्येच जुने जळके सोट उभे दिसतात ते त्यामुळे.

बागांबद्दल. झाडावरून तोडू देणाऱ्या बागा मुख्यतः गावाच्या उत्तरेला फार्मर रोड आणि पश्चिमेला वायनोलाच्या बाजूला आहेत. बहुतेक शनिवार-रविवारीच उघडतात, पिशवीच्या मापानं पैसे घेतात आणि फळ संपलं की त्याच दिवशी दार लावतात. काही ठिकाणी आगाऊ नोंदणी लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी बागेचं स्वतःचं पान किंवा फोनवरचा निरोप तपासल्याशिवाय निघू नका, मागच्या वर्षीची माहिती इथे कुचकामी ठरते. जमीन उतरती आणि उंचसखल असते. तुमच्या आईंना बागेच्या दाराशी सावलीत बसायला जागा आहे का, एवढं विचारून घ्या. तोडताना फळ ओढायचं नाही. तळहातात धरून वर उचलत किंचित पिळायचं, पिकलेलं असेल तर देठासकट सुटून येतं. ओढलं तर पुढच्या वर्षीच्या फुलाचा डोळाही सोबत तुटतो, आणि बागवाले त्यावरच चिडतात. एका झाडाचं एक फळ चावून बघा, पण आधी परवानगी विचारून. पायसाठी आंबट आणि घट्ट जाती घ्या. लालभडक, गोड, मऊ जाती नुसत्या खायला ठीक.

गावात बघायला काय? मेन स्ट्रीट दोन-तीन चौकांची आहे आणि बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे आईंना त्रास होणार नाही. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर टाउन हॉल आहे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहही त्याच्याजवळच, हे ज्येष्ठांसोबत असताना आधी माहीत असलेलं बरं. ईगल मायनिंग कंपनीची खाण आतून दाखवतात. डोंगरात सुमारे हजार फूट चालायचं, मधेमधे पायऱ्या, आत गार. बाबांना आवडेल, पण आईंनी बाहेर थांबावं. व्होल्कन डोंगराची पायवाट उत्तम आहे, पण जाऊन-येऊन पाचेक मैल आणि चढ, तुमच्या बेतात ती बसत नाही. त्याऐवजी गावातून ७९वर दक्षिणेला निघालं की थोड्याच अंतरावर इन्स्पिरेशन पॉइंट आहे. गाडीतून उतरून चार पावलांत पूर्वेकडचं अँझा-बोरेगोचं वाळवंट खाली पसरलेलं दिसतं. आणि क्वियामाका तलावाच्या काठानं सपाट चालता येतं. गाडी लावायचे पैसे पडतात, पण ज्येष्ठांसाठी सगळ्या परिसरात याहून सोयीची जागा नाही.

आता पायकडे वळू, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

मुख्य प्रकार दोन. एक, वर-खाली दोन्हीकडे पोळीसारखी लाटलेली क्रस्ट (मैद्याचं आवरण) असलेला. दुसरा 'डच', ज्यात वर मैदा-साखर-लोण्याचा भुगा असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला डच पटकन आवडतो, कारण तो गोड असतो आणि वरचा भुगा बिस्किटासारखा लागतो. पण बेकरीचं कसब जोखायचं तर दोन क्रस्टचा साधा पाय घ्या, तिथे लपायला जागा नसते. बॉयझेनबेरी किंवा मिश्र बेरीसोबतचे पाय आंबटगोड आणि चांगले असतात. साखर न घालता सफरचंदाच्या आटवलेल्या रसानं गोडवा आणलेलाही मिळतो. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र त्याला बिनसाखरेचा समजू नये, फळाची साखर आणि मैदा दोन्ही त्यात आहेतच. सोबत गावची खासियत म्हणून दालचिनीचं आइस्क्रीम देतात. ते घ्याच. काही जण पायवर चेडर चीजचा काप ठेवून खातात, आपल्याकडच्या जिभेला ते लगेच पटत नाही.

बाबांसाठी तीन प्रश्न विचारा, आणि नेमके असेच विचारा. एक: क्रस्टमध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का? हल्ली बऱ्याच ठिकाणी वनस्पती तूप किंवा बटर वापरतात, पण गृहीत धरू नका. 'हे शाकाहारी आहे का?' एवढंच विचारलं तर समोरचा फळाकडे बघून 'हो' म्हणतो. दोन: वर तकाकी यावी म्हणून अंडं लावलं आहे का? तीन: आइस्क्रीममध्ये अंड्याचा बलक आहे का? कस्टर्ड पद्धतीच्या आइस्क्रीममध्ये तो असतो. पंपकिन आणि पेकान पायमध्ये सहसा अंडं असतंच, ते सोडून द्या. सायडर डोनटमध्येही बहुधा अंडं असतं. चीजच्या बाबतीत काटेकोर असाल तर त्यातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते विकर) प्राण्यांचं असू शकतं. आणि पेयाचं बघून घ्या: अमेरिकेत नुसतं 'ॲपल सायडर' म्हणजे न गाळलेला सफरचंदाचा रस, त्यात मद्य नसतं, 'हार्ड सायडर' म्हणजे आंबवलेलं, बिअरइतकं मद्य असलेलं. गावात दोन्ही शेजारी-शेजारी विकतात.

जेवणासाठी वेगळी जागा शोधू नका, बेकरीतच सूप, सँडविच आणि पायचा तुकडा असं एकत्र मिळतं. सूप मांसाच्या रश्श्यावर केलेलं आहे का, ते मात्र विचारा.

तुकडा गावात खा, अख्खा पाय घरी न्या. आणि तो भट्टीतून नुकताच काढलेला मागू नका. लोक गरम पायचा हट्ट धरतात तो चुकीचा आहे. सारणातला रस कॉर्नफ्लॉवर आणि सफरचंदातल्या पेक्टिननं घट्ट होतो, पण ते निवल्यावरच. त्याला तीन-चार तास लागतात. गरम कापला तर रस वाहून जातो, खालची क्रस्ट ओली होते आणि उरलेला पाय कायमचा बिघडतो. त्यातून गरम पाय बंद खोक्यात घातला की वाफ झाकणाला लागून क्रस्टवर टपकते, घरी पोहोचेपर्यंत वरचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. गरमच मिळाला तर खोक्याचं झाकण दोन बोटं उघडं ठेवा.

गाडीत पाय सीटवर ठेवायचा नाही, सीट मागे उतरती असते आणि सारण एका बाजूला सरकतं. मागच्या डिकीत सपाट जागी किंवा पुढच्या सीटसमोर खाली, खोक्याच्या खाली ओला टॉवेल किंवा रबरी चटई घालून. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण ७८वरची सांता इसाबेल ते रमोना ही वळणं उतरली की पटतो.

घरी आल्यावर फळांचा पाय बाहेर झाकून दोन दिवस चांगला राहतो, नंतर फ्रिजमध्ये आणखी दोन-तीन दिवस. पहिल्याच दिवशी फ्रिजमध्ये ढकलू नका, क्रस्ट शिळ्या खारीसारखी होते. अंडं-दूध असलेले पाय मात्र लगेच फ्रिजमध्येच. गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नका. त्यात सारण उकळतं आणि क्रस्ट चिवट होते. ओव्हनमध्ये ३५० अंश फॅरनहाइटला (१७५ सेल्सिअस) तुकडा पंधरा मिनिटं, अख्खा पाय पंचवीस-तीस मिनिटं. वरून करपू लागला तर फॉइल सैल टाका.

गोठवलेला, घरी भाजायचा पाय मिळाला तर तोच घ्या असं माझं मत आहे. ताज्या पायपेक्षा शेवटी तो चांगला ठरतो, कारण भट्टीतून निघाल्यापासून ताटात येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात असतो. खोक्यावरची सूचना पाळा, पण दोन गोष्टी त्यात नसल्या तरी करा. एक, वितळू देऊ नका. वितळताना सुटलेलं पाणी खालची क्रस्ट पिते आणि मग ती भाजली जात नाही. दुसरं, चकचकीत ॲल्युमिनियमची थाळी उष्णता परतवते आणि तळ पांढरा राहतो, म्हणून ओव्हनमध्ये आधीपासून तापवलेल्या जाड, गडद पत्र्यावर ठेवा. घड्याळ बघून नव्हे, वरच्या चिरांतून येणारा रस बघून काढा. बुडबुडे पातळ आणि फसफसणारे असतील तर पाच-दहा मिनिटं आणखी. ते संथ, घट्ट, पाकासारखे फुटू लागले की झालं. आणि हो, त्या गावच्या नावानं चालणारा पाय दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सुपरमार्केटांतही मिळतो. आई-बाबांना दुसऱ्यांदा खावासा वाटला तर पुन्हा डोंगर चढायची गरज नाही.

पुण्याला न्यायचं म्हणाल तर विमानतळाच्या तपासणीतून पाय हातसामानात नेता येतो. ताजी सफरचंदं मात्र नेऊ नका, भारतात ताजी फळं आणण्यावर निर्बंध आहेत.

आता पुण्यातला पाय. अडचण सफरचंदाची आहे. आपल्याकडे हंगामात मिळणारं शिमल्याचं लाल डेलिशियस आंबट नसतं आणि भट्टीत त्याचा रवाळ लगदा होतो. ग्रॅनी स्मिथ हिरवी सफरचंदं आयात केलेली मिळतात, ती निम्मी तरी घ्या. उरलेली घट्ट फुजी किंवा रॉयल गाला चालतील. नुसतं डेलिशियस असेल तर लिंबाचा रस दुप्पट करा आणि फोडी जाड, सेंटिमीटरभर ठेवा.

नऊ इंची (२३ सेंमी) खोल थाळीसाठी क्रस्टला मैदा ३२० ग्रॅम, बिनमिठाचं थंड बटर २२५ ग्रॅम, साखर १ टेबलस्पून, मीठ १ टीस्पून, व्हिनेगर १ टीस्पून आणि बर्फाचं पाणी ९० ते ११० मिली. खारं बटर घेतलं तर मीठ वगळा. बटरचे बोराएवढे तुकडे करून मैद्यात बोटांनी चुरायचे, पण सगळे विरघळवायचे नाहीत, वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत. तेच भट्टीत वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. पाणी चमच्याचमच्यानं घाला, मूठ दाबली की गोळा धरेल इतकंच. चपातीच्या कणकेसारखं मळलं तर संपलं, ग्लुटेन तयार होऊन क्रस्ट चिवट होते आणि भाजताना आक्रसते. दोन गोळे करून दाबून चपटे करा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या पुण्यात मैदा आणि परातसुद्धा आधी फ्रीजरमध्ये ठेवावी लागते. लाटताना बटर चिकटायला लागलं तर जास्त पीठ भुरभुरू नका, पोळी ताटासकट दहा मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये सरकवा.

सारणाला सफरचंदं १.३ किलो (सोलून, बिया काढून किलोभर उरतात), साखर १५० ग्रॅम, लिंबाचा रस १ टेबलस्पून, दालचिनी दीड टीस्पून, जायफळ चिमूटभर, मीठ अर्धा टीस्पून, कॉर्नफ्लॉवर २ टेबलस्पून आणि बटर २० ग्रॅम. फोडी अर्धा सेंटिमीटर जाडीच्या. कॉर्नफ्लॉवर आणि बटर सोडून सगळं एकत्र करून पाऊण तास ठेवा. अर्धी वाटीभर रस सुटेल. तो गाळून बटरसोबत निम्मा होईपर्यंत आटवा, निववून फोडींवर ओता आणि मग कॉर्नफ्लॉवर लावा. ही पायरी गाळू नका. ती न केल्यास फोडी भट्टीत आक्रसतात, वरची क्रस्ट मात्र तोवर कडक झालेली असते, आणि कापल्यावर मधे दोन बोटं पोकळी दिसते. खाली रसाचं तळं साचतं ते वेगळंच.

खालची पोळी थाळीत बसवा, ताणू नका. सारण मधे किंचित उंच भरा, वरची पोळी ठेवून कडा घट्ट चिमटा, वर पाच-सहा चिरा द्या, आणि अंड्याऐवजी दूध किंवा साय लावून साखर भुरभुरा. थाळी अर्धा तास फ्रिजमध्ये. २२० अंश सेल्सिअसला तापलेल्या पत्र्यावर सर्वांत खालच्या खणात वीस मिनिटं, मग १९० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस. काचेची थाळी असेल तर फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका, तडकेल. आधी वीस मिनिटं बाहेर राहू द्या. डच हवा असेल तर वरच्या पोळीऐवजी मैदा १२५, साखर १००, थंड बटर ८५ ग्रॅम आणि दालचिनी बोटांनी चुरून पसरा, खालच्या क्रस्टचं प्रमाण निम्मं करा.

घरच्या छोट्या ओटीजीत वरची सळई फार जवळ असते. पंचविसाव्या मिनिटाला वरचा रंग गडद होतो आणि लोक पाय बाहेर काढतात. आत सफरचंद कच्चं आणि तळ पिठूळ राहण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. रंग आला की फॉइल टाका, जमत असेल तर फक्त खालची सळई चालू ठेवा आणि वेळ पुरा करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९० अंश दिसले पाहिजेत. नसेल तर चिरेतून सुरी घालून बघा, फोड अडखळता कामा नये.